लेटरबॉक्सिंग

लेटरबॉक्सिंग : लिखित संकेतांच्या आधारे मोकळ्या जागी दडवून ठेवलेली लहान पेटी शोधून काढणे, तीतील रबरी शिक्क्याची छाप स्वतःच्या वहीत घेणे, स्वतःच्या शिक्क्याची छाप पेटीतील वहीत उमटविणे आणि पेटी होती तशी पुन्हा ठेवून देणे, अशा स्वरूपाचा एक छंद. मराठीत त्यास ‘पेटीशोध’ म्हणता येईल. पादभ्रमण, नकाशावाचन, कोडी सोडविणे, शिक्के कोरणे व संग्रह करणे अशा पाच निरनिराळ्या आवडींचा त्यात मेळ बसलेला आहे. पेटीत मोलाची वस्तू नसते. शोधकाच्या हाती लागतो तो शाईचा एक ठसा आणि तो तेथवर पोहोचल्याची साक्ष देतो. पेटीवर राखण नसते, कुलूपही नसते. ती जागच्या जागी राहते ती केवळ प्रत्येक शोधकाने आपल्यानंतर येणाऱ्या अपरिचिताची आठवण ठेवल्यामुळे. या छंदाचे सर्व नियम व त्यानिमित्ताने करावयाच्या प्रवासाची आखणी या एकाच गोष्टीतून निष्पन्न होतात.

उगम व विकास : या छंदाचा उगम इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यातील डार्टमूर या उजाड, दलदलीच्या पठारी प्रदेशात झाला. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट याने १८५४ मध्ये क्रॅनमिअर पूल या अत्यंत दुर्गम ठिकाणी दगडांची रास रचून तीत एक बाटली ठेवली. तेथवर येणाऱ्या प्रवाशांनी आपल्या नावाचे पत्रक बाटलीत टाकून जावे, अशी योजना होती. क्रॅनमिअर पूल हे नाव तळ्याचे असले, तरी तेथे आता तळे नाही. कुजट मातीतील एक खोलगट भाग तेवढा उरला आहे. १८८८ मध्ये बाटलीच्या जागी पत्र्याची पेटी आली आणि १९०५ मध्ये तेथे नोंदवही ठेवण्यात आली. प्रवासी आपल्याच पत्त्यावरचे एखादे पत्र वा कार्ड पेटीत ठेवीत आणि मागाहून येणारा प्रवासी ते बरोबर नेऊन टपालात टाकी. पत्र घरी पोहोचण्यास किती दिवस लागले, यावरून तेथे पुन्हा मनुष्य केव्हा फिरकला हे समजे. छंदास ‘लेटरबॉक्स’ म्हणजे पत्रपेटीचे नाव मिळाले ते या प्रघातामुळे.

बेल्स्टन टॉर या टेकडीवर १८९४ मध्ये आणि डक्स पूल येथे १९३८ मध्ये अशाच पेट्या बसविण्यात आल्या. यांपैकी दुसरी पेटी डार्टमूरचा प्रसिद्ध वर्णनकार विल्यम क्रॉसिंग (१८४७–१९२८) याच्या स्मरणार्थ होती. क्रॅनमिअर पूल येथे १९३७ मध्ये वर्तमानपत्राने केलेल्या आवाहनातून दगडी पेटी बांधण्यात आली. तरीही १९७०–८० या दशकाच्या मध्यापर्यंत पेट्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजता येईल, त्याहून फारशी अधिक नव्हती. त्यानंतर पेट्यांचे नकाशे व याद्या प्रसृत झाल्या, शंभर पेट्या शोधणाऱ्यांचे मंडळ निघाले आणि पाहता पाहता पेट्यांची संख्या हजारांच्या घरात गेली. 

या वाढीबरोबर अडचणीही आल्या. प्राचीन दगडी वर्तुळे, थडगी व कुंपणभिंती यांमधील दगड उचकटले जाऊ लागले, तसेच पक्ष्यांच्या विणीच्या काळात त्यांना उपद्रव होऊ लागला. डार्टमूर १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान असून त्याच्या उत्तर भागात लष्कराची गोळीबार-क्षेत्रेही आहेत. या सर्वांचा विचार करून आचारसंहिता तयार करण्यात आली. पुरातन वास्तूत पेटी ठेवू नये, दगड फोडू वा सिमेंटने सांधू नये, जमीनमालकाची संमती घ्यावी व गोळीबाराच्या दिवशी लाल निशाण दिसत असता क्षेत्रात शिरू नये, ही तिची मुख्य कलमे होत. छंद लोकप्रिय झाला म्हणजे त्याची जागा धोक्यात येते, हा डार्टमूरचा अनुभव पुढे सर्वत्र उपयोगी पडला.

प्रसार व तत्सम छंद : अमेरिकेत हा छंद फैलावण्यास एप्रिल १९९८ मधील स्मिथसोनियन मासिकातील एका लेखाची मोठी मदत झाली. तेथे प्रत्येक शोधक स्वतःचे टोपणनाव व स्वतः कोरलेला शिक्का वापरतो. एका पेटीतून उचलून दुसऱ्या पेटीत नेऊन ठेवावयाचे फिरते शिक्केही तेथे प्रचारात आहेत. उपग्रहांवरून स्थाननिश्चिती करण्याच्या अमेरिकी पद्धतीतील हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची मर्यादा २ मे २००० रोजी उठविण्यात आली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ डेव्ह उल्मर याने एक डबा ठेवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि ‘जिओकॅशिंग’ हा छंद जन्मास आला. दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. जिओकॅशिंगमध्ये यंत्र शोधकास जागेच्या जवळ नेऊन सोडते. लेटरबॉक्सिंगमध्ये संकेत वाचणे, परिसराची माहिती असणे आणि पावले मोजणे यांवर सारे अवलंबून असते.

पेटी दडविलेली नाही, परंतु शिक्का मात्र त्या त्या जागी जाऊनच घ्यावयाचा, अशा पद्धतीही अनेक देशांत आहेत. जपानमधील रेल्वे स्थानकांवर प्रवाशांसाठी चित्रमय शिक्के ठेवलेले असतात. १९३१ मध्ये फुकुई स्थानकावर या प्रथेची सुरुवात झाली. त्याच देशातील शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांची यात्रा करणारे यात्रिक प्रत्येक मंदिरात आपल्या वहीवर मुद्रा व हस्ताक्षर घेतात. स्पेनमधील सांतिआगो येथील यात्रेत वाटेवरील धर्मशाळा व चर्च यांचे शिक्के असलेली पुस्तिका हाच किमान १०० कि.मी. पायी चालल्याचा पुरावा मानला जातो. या सर्व पद्धतींत शिक्का कोणाच्या तरी ताब्यात असतो. डार्टमूरमध्येही काही पेट्या उघड्या माळावर न ठेवता खाणावळींच्या गल्ल्यामागे ठेवल्या जातात व मागितल्यावर मिळतात. अशा पेटीस प्रस्तुत नोंदीत ‘राखणदाराची पेटी’ म्हटले आहे.

महाराष्ट्रातील समांतर प्रथा : प्रवासाची खूण घेऊन येणे आणि स्वतःची खूण ठेवून येणे, या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रातील यात्रांना नवीन नाहीत. नासिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या क्षेत्री तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे नाव, गाव, कुळ व येण्याचा दिवस नोंदविला जातो. पुढील पिढीतील वंशज तेथे गेला असता त्यास आजोबा-पणजोबांची नोंद, कधी त्यांच्या हस्ताक्षरासह, पाहावयास मिळते. पेटीतील नोंदवहीचे जे कार्य, तेच या वह्या अधिक दीर्घ काळ व अधिक गंभीर हेतूने करीत आल्या आहेत. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर यात्रेकरूच्या कपाळी धातूच्या लहान ठशाने गंध उमटविणारे आढळतात. तो ठसा वहीवर राहत नाही, एवढाच काय तो फरक. छंदाची तुलना यात्रेशी करताना मात्र तारतम्य राखणे अगत्याचे आहे. वारकऱ्याची वारी ही उपासना आहे; शिक्के जमविणे ही करमणूक आहे. पहिलीच्या जागेत दुसरी करावयाची असल्यास ती पाहुण्याप्रमाणे करावी लागते.

टपालाच्या मुद्रांचा संग्रह ही या छंदाची भारतातील सर्वांत जवळची व सुलभ शाखा होय. प्रत्येक टपाल कचेरीची दिनांकमुद्रा असते आणि तीवर कचेरीचे नाव असते. निवडक कचेऱ्यांत स्थानिक वास्तूचे वा व्यक्तीचे चित्र असलेली कायम चित्रमुद्राही मिळते. रस्त्यावरील पेटीत टाकलेले पत्र पुष्कळदा मोठ्या गावच्या वर्गीकरण कचेरीत मुद्रित होते व त्यावर लहान गावाचे नाव उमटत नाही. म्हणून संग्राहकाने पत्र खिडकीवर देऊन दिनांकमुद्रा स्पष्ट उमटविण्याची विनंती करावी. तिकिटांची निवडही स्थळास अनुरूप करता येते. भारतीय टपाल खात्याने १९७० मध्ये संत नामदेव, १९९७ मध्ये संत ज्ञानेश्वर व २००२ मध्ये संत तुकाराम यांच्यावर तिकिटे काढली आहेत. [⟶ टपाल व तिकिटे].

साहित्य व कृती : पेटी घट्ट झाकणाची, पाणी न शिरणारी व पारदर्शक असावी. आत शिक्का, लहान नोंदवही आणि पेटी कशासाठी आहे हे मराठीत व अन्य एका भाषेत सांगणारे पत्रक ठेवतात. वही व शिक्का वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्यास शाईचे डाग पडत नाहीत. शोधकाजवळ स्वतःचा शिक्का, शाईची गादी, कोरी वही, पेन्सिल, होकायंत्र, नकाशा व काठी असावी. शाईची गादी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवल्यास लवकर सुकते. ती कापडात गुंडाळून सावलीत ठेवणे इष्ट.

शिक्का खोडरबरावर वा लिनोलियमच्या तुकड्यावर कोरता येतो. चित्र प्रथम पातळ कागदावर पेन्सिलीने काढून कागद रबरावर पालथा दाबला असता ते आपोआप उलटे उमटते व कोरल्यानंतर छाप सुलट येते. देवनागरी अक्षरे कोरताना शिरोरेषा अखंड ठेवावी. तिच्यामुळे अक्षरे एकमेकांस धरून राहतात व कडेचे बारीक भाग तुटत नाहीत. मात्रा, वेलांट्या व अनुस्वार यांना थोडी अधिक जाडी द्यावी लागते.

संकेत तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात दिशाकोन व अंतर दिलेले असते. दुसऱ्यात पेटीच्या जागेवरून दिसणाऱ्या तीन ठळक खुणांचे दिशाकोन दिलेले असतात व त्या तिन्ही रेषा जेथे मिळतात ती जागा शोधावयाची असते. तिसऱ्या प्रकारात कोडे घातलेले असते. पुणे परिसरात चुंबकीय उत्तर व खरे उत्तर यांतील फरक एक अंशाहून कमी असल्याने तो सोडून देता येतो. तथापि हातातील होकायंत्र वाचताना तीन अंशांची चूक सहज होते आणि तीमुळे १०० मी. अंतरावर सु. ५ मी., तर १ कि.मी. अंतरावर सु. ५० मी. इतके विचलन येते. यास्तव दिशाकोनाचे टप्पे लहान ठेवून प्रत्येक टप्प्याच्या शेवटी न हलणारी खूण द्यावी. झाड तोडले जाते, फलक बदलतो, रस्ता रुंद होतो. मंदिराचे शिखर, घाट वा डोंगराचा माथा सहसा बदलत नाही.

चांगला कोड्यात्मक संकेत स्थळाची माहिती असणाऱ्यास वाट दाखवितो आणि नसणाऱ्यास ती मिळविण्यास प्रवृत्त करतो. नमुन्यादाखल आळंदीविषयी एक कल्पित संकेत असा रचता येईल : ‘निर्जीव असून जी चालली असे भाविक सांगतात, तिच्यासमोर उभे राहा. समाधीच्या इसवी सनातील चारही अंक मिळवा. तितकी पावले पूर्वेस चालून प्रथम दिसेल त्या दुकानात वही मागा.’ यातील पहिले वाक्य चांगदेवांच्या भेटीच्या आख्यायिकेतील भिंतीस उद्देशून आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, म्हणून पावले अठरा. असा संकेत सोडविणारा मुलगा वा मुलगी ते वर्ष बहुधा विसरत नाही.

मोटारप्रवासाची आखणी : मूळ छंद पायी चालण्याचा आहे. वाहनाचा उपयोग दोन शोधस्थळांमधील अंतर तोडण्यापुरता असतो. आखणीत पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात : (१) एका दिवशी चार-पाचांहून अधिक शोधस्थळे घेऊ नयेत. संकेत वाचणे, चालणे, शोधणे, छाप घेणे व पेटी परत ठेवणे यांस प्रत्येकी सरासरी पाऊण तास लागतो. डोंगर चढावयाचा असल्यास दीड तास. (२) प्रवासाचा वेळ अंतरावरून नव्हे, तर रस्त्याच्या गर्दीवरून मोजावा. (३) मार्ग वर्तुळाकार असावा, म्हणजे एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. (४) चढणीचे स्थळ सकाळी, सावलीचे दुपारी व गर्दीचे स्थळ गर्दी ओसरल्यावर घ्यावे. (५) एखादी पेटी न सापडल्यास किती वेळ थांबावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. अर्ध्या तासानंतर शोध सोडून पुढे जाणे योग्य होय. न सापडलेल्या पेटीमागे लागून दगड उलथेपालथे करणे हीच या छंदातील सर्वांत हानिकारक सवय आहे. (६) पेट्या ठेवणाऱ्याने प्रवासापूर्वी एक स्वतंत्र फेरी करून प्रत्येक संकेत पडताळून पाहावा व संमती घ्यावी. (७) वाहनात एक चालक, एक नकाशा वाचणारा व एक नोंद ठेवणारा अशी कामे वाटून द्यावीत. चालकाने चालत्या वाहनात संकेत वाचू नये.

आळंदी परिसरातील एक दिवसाचा मार्ग : आळंदी (देवाची) हे पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील इंद्रायणीकाठचे क्षेत्र असून पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यांच्या मध्ये वसलेले आहे. [⟶ आळंदी]. आळंदी–देहू–भंडारा डोंगर–सुदुंबरे–चाकण–आळंदी असा सु. ६० कि.मी.चा वर्तुळाकार मार्ग या छंदास सोयीचा आहे. ताशी २० ते २५ कि.मी. सरासरी वेग धरल्यास प्रवासास सु. तीन तास, पाच शोधस्थळांस सु. साडेचार तास आणि भोजन व विश्रांतीस एक तास, असा साडेआठ तासांचा हिशेब होतो. सकाळी सात वाजता निघाल्यास सूर्यास्तापूर्वी परतता येते.

या मार्गास विषयाचे ऐक्यही आहे. त्यावरील बहुतेक स्थळे लेखन, वही व ग्रंथ यांच्याशी निगडित आहेत. आळंदीत ज्ञानेश्वरांची समाधी, अजानवृक्ष, सिद्धबेट व विश्रांतवड ही स्थळे असून कीर्तन-प्रवचनाचे शिक्षण देणारी वारकरी शिक्षण संस्था १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग यांनी येथेच स्थापन केली. पश्चिमेस देहू येथे, त्याच इंद्रायणीच्या काठी, तुकारामांची गाथा भिंतींवर कोरलेले गाथामंदिर आहे. वह्या नदीत बुडविल्याची व त्या तरल्याची कथा याच गावची. पुढे तळेगाव–चाकण रस्त्यालगतचा भंडारा डोंगर हे तुकारामांचे चिंतनस्थळ असून तेथे प्राचीन कोरीव लेणीही आहेत. सुदुंबरे येथे संताजी जगनाडे यांची समाधी आहे. तुकारामांचे अभंग लिहून ठेवण्याचे श्रेय परंपरेने त्यांना दिले जाते. ते मूळचे चाकणचे. चाकण येथील संग्रामदुर्ग हा भुईकोट फिरंगोजी नरसाळा याने १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या मोठ्या सैन्याविरुद्ध सु. दोन महिने लढविला. आज त्याच्या तटाबुरुजांचे काही अवशेष तेवढे वस्तीत उभे आहेत. चाकणहून दक्षिणेस आळंदीस परत येता येते. वेळ असल्यास चाकणच्या पश्चिमेकडील भामचंद्र डोंगर स्वतंत्र अर्ध्या दिवसाच्या फेरीसाठी राखून ठेवावा.

दिवसाची निवड विशेष काळजीने करावी लागते. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून व अष्टमीस आळंदीहून पालख्यांचे प्रस्थान होते. कार्तिक वद्य एकादशी ते त्रयोदशी या काळात आळंदीस, तर फाल्गुन वद्य द्वितीयेस म्हणजे तुकाराम-बीजेस देहूस मोठी यात्रा भरते. या दिवशी मार्गावर वाहन नेणे गैरसोयीचे आहेच, शिवाय यात्रेकरूंच्या वाटेत अडथळा आणणेही अनुचित होय. इतर एकादशीही टाळाव्यात. रविवारी टपाल कचेऱ्या बंद असतात. चाकण परिसरातील रस्ते कारखान्यांच्या पाळ्या सुटण्या-भरण्याच्या वेळी मालमोटारी व बसगाड्यांनी भरून जातात. या सर्वांचा मेळ घालता एकादशी नसलेला शनिवार, ऋतू मध्य ऑक्टोबर ते फेब्रुवारी आणि चाकणमध्ये दुपारचा प्रवेश, ही योजना सर्वांत सोयीची ठरते.

टपाल-संग्रहाची जोड दिल्यास प्रवासास मूळ छंदातील पत्राचा धागा पुन्हा प्राप्त होतो. प्रत्येक गावी स्वतःच्या पत्त्यावर एक कार्ड लिहून त्यावर त्या स्थळी घेतलेली शिक्क्याची छाप उमटवावी व ते टपाल कचेरीच्या खिडकीवर द्यावे. पिन क्रमांकांवरूनही कोडे घालता येते. ही सहा अंकी पद्धती १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली. आळंदीचा क्रमांक ४१२१०५ व चाकणचा ४१०५०१ आहे. पहिले तीन अंक वर्गीकरणाचा विभाग दर्शवितात, हे ज्यास ठाऊक नाही त्यास एकाच तालुक्यातील दोन गावांचे क्रमांक इतके भिन्न का, हा प्रश्न पडावा, असा संकेत रचणे अवघड नाही.

धोके व निर्बंध : डार्टमूरची उघड्यावरील पेटी जशीच्या तशी आळंदीस आणता येत नाही. याचे पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. पुण्यात कोरेगाव पार्क भागात १३ फेब्रुवारी २०१० रोजी ठेवून दिलेल्या पिशवीतील स्फोटकांनी अनेकांचे प्राण घेतले. बेवारस वस्तूस हात लावू नये व ती दिसताच पोलिसांस कळवावे, ही सूचना तेव्हापासून येथील नागरिकांच्या अंगवळणी पडली आहे. लाखो माणसे जेथे जमतात अशा क्षेत्री, घाटावर, बसस्थानकात, पुलाखाली वा कारखान्याच्या कुंपणाशी बंद डबा दडवून ठेवणे हे निव्वळ अविचाराचे कृत्य होय. छंदाचा पाया असलेला विश्वास येथे भीतीस कारण होतो आणि सद्‌हेतूने ठेवलेल्या डब्यासाठी शोधपथकास धावावे लागते.

दुसरे कारण वास्तूंचे. लेणी, तटबंदी, समाधिस्थळे व घाट यांच्या सांदीत काहीही खुपसणे, दगड हलविणे वा भिंतीवर खूण करणे सर्वथा वर्ज्य आहे. संरक्षित स्मारकाची हानी करणे वा त्यास विद्रूप करणे हा १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार दंडनीय गुन्हा आहे. तिसरे कारण निसर्गाचे. येथील डोंगरांवर दगडांखाली विंचू व साप असतात. म्हणून कपारीत हात घालण्याची सवयच लागू देऊ नये, आधी काठीने चाचपून पाहावे. कड्यांवर आग्या माश्यांची मोहळे असतात. तेथे धूर, उग्र सुगंध व गोंगाट टाळावा. पावसाळ्यात पेटीत ओल शिरते आणि उन्हाळ्यात गवतास लागणाऱ्या वणव्यात ती जळून वा वितळून जाते. इंद्रायणीच्या पात्रात औद्योगिक व नागरी सांडपाण्यामुळे वारंवार फेस दिसतो. प्लॅस्टिकच्या पेटीचे तुकडे त्यात जाऊन पडणार नाहीत, याची जबाबदारी पेटी ठेवणाऱ्याची आहे.

या सर्व कारणांस्तव आळंदी परिसरात राखणदाराची पेटी हाच योग्य प्रकार ठरतो. संकेत स्थळाकडे नेतो. तेथे शोधकाने एखादी गोष्ट पाहून वा मोजून उत्तर काढावयाचे. उत्तर सांगितल्यावर जवळचे वाचनालय, शाळा, किराणा दुकान वा चहाची टपरी येथे ठेवलेली पेटी राखणदार पुढे करतो. राखणदाराची संमती लेखी घ्यावी, त्याच्या गिऱ्हाइकीच्या वेळा सांभाळाव्यात आणि पेटीवर ती ठेवणाऱ्याचा संपर्क स्पष्ट लिहावा. राखणदार वहीची पाने संपल्याचे कळवितो, शाई भरतो व चुकलेल्यास वाटही दाखवितो. दडविण्यातील गूढ यात काही अंशी कमी होते हे खरे. परंतु त्याच्या बदली शोधकाची त्या गावच्या एका माणसाशी ओळख होते, जी निर्मनुष्य डार्टमूरवर होत नाही.

महत्त्व : शालेय सहली, ग्रामीण वाचनालये व स्थानिक इतिहासाची मंडळे यांना हा छंद अल्प खर्चात राबविता येण्यासारखा आहे. नकाशावाचन, दिशाज्ञान, अंकगणित, कोरीवकाम व परिसराचा इतिहास यांचे शिक्षण त्यातून सहजगत्या होते. एकाच औद्योगिक पट्ट्यात राहूनही ज्यांना चाकण म्हणजे केवळ कारखाने व आळंदी म्हणजे केवळ यात्रेचा दिवस एवढेच परिचित असते, त्यांना या दोहोंमधील गावे पायी पाहण्यास त्यामुळे निमित्त मिळते. पेटी लहान आहे, ठसा क्षणात उमटतो. तथापि वही बंद करून ती पुढच्या अनोळखी माणसासाठी जागच्या जागी, कोरडी व नीटनेटकी ठेवणे, ही या छंदातील शेवटची व सर्वांत महत्त्वाची कृती होय. ती चुकल्यास आधीच्या सर्व कृती व्यर्थ ठरतात.